टर्बोचा दाब : आकडा कुठून मोजला?



डिझेलच्या मोटारी आता जवळपास सगळ्याच टर्बोच्या असतात, आणि पेट्रोलच्या छोट्या गाड्यांतही टर्बो आला आहे. एक्झॉस्टच्या जोरावर एक चाक फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशी यांनी 1905 साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. या दाबाला म्हणतात बूस्ट. तो मोजायला हल्ली हौशी मंडळी स्कॅनर घेतात, डॅशबोर्डवर मीटर बसवतात आणि मग आकड्यांवरून वाद घालतात.

समजा, मुंबईत एका गाडीवर स्कॅनर दाखवतो 211 किलोपास्कल. एक पीएसआय म्हणजे सुमारे 6.9 किलोपास्कल. भागाकार केला की येतात साडेतीस पीएसआय. मालक घाबरतो, कारण डॅशबोर्डवरचा मीटर 16 च सांगतोय. बिघडलंय कोण?

कोणीच नाही. दोघांचं शून्य वेगळं आहे. स्कॅनरला आकडा देणारा इंजिनातला सेन्सर निर्वात पोकळीपासून मोजतो, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेचा दाबही त्यात धरतो. हा निरपेक्ष दाब. मीटर मात्र भोवतालच्या हवेलाच शून्य मानून वरचा दाब सांगतो. टायरवाला 32 ची हवा भरतो, ती अशीच वरची. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण 101 किलोपास्कल. 211 मधून 101 वजा केले की उरले 110. म्हणजे 1.1 बार, म्हणजेच 16 पीएसआय. हिशोब जुळला. क्रम मात्र पाळायचा : आधी वजाबाकी, मग रूपांतर.

रूपांतर सोपं आहे. 100 किलोपास्कलचा एक बार, एक बारचे साडेचौदा पीएसआय. चौरस सेंटिमीटरला एक किलो म्हणजे 98 किलोपास्कल, बारपेक्षा किंचित कमी. पेट्रोल इंजिन नुसतं चालू ठेवलं, तर सेन्सर तीस-चाळीस किलोपास्कलच दाखवेल, कारण थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. अनेक मीटर हा त्यांच्या शून्याखालचा भाग पाऱ्याच्या इंचांत दाखवतात. एकाच तबकडीवर उजवीकडे पीएसआय आणि डावीकडे इंच असतील, तर दोन्हींची सरमिसळ करू नका.

आता घाट चढू. महाबळेश्वरला हवेचा दाब 86 किलोपास्कलच्या आसपास असतो. इंजिनाने तेच 211 गाठले, तर मीटर 18 पीएसआय दाखवेल. इंजिनाला जास्त काही मिळालेलं नसतं. खालची पायरी उतरलेली असते. लेहला हवेचा दाब 66 पर्यंत खाली येतो. तिथे 211 गाठायचे तर टर्बोला हवा तिपटीहून जास्त दाबावी लागते. मुंबईत दुपटीवर भागत होतं. त्यासाठी चाक फार वेगाने फिरवावं लागतं. म्हणून गाडीचा संगणक अशा उंचीवर बूस्टची मर्यादा खाली आणतो. तिथे गाडी मंद वाटली, म्हणजे टर्बो गेला असं नव्हे.

आणखी एक सावधगिरी. स्कॅनरवर येणारा हा दाबाचा नेहमीचा आकडा एका बाइटमध्ये बसवलेला असतो, त्यामुळे 255 च्या पुढे जात नाही. आकडा 255 वर अडकला, तर खरा दाब त्याहून जास्त असू शकतो.

तेव्हा गाडीचा बूस्ट तपासायचा असेल, तर आधी चावी फिरवा, पण इंजिन सुरू करू नका. त्या वेळी सेन्सर जो आकडा दाखवेल, तो त्या गावच्या हवेचा दाब. तो लिहून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करा. मुंबईत हा आकडा शंभराच्या जवळ नसेल, तर टर्बोवर खर्च करण्याआधी सेन्सर तपासून घ्या. गाडी चालवताना आकडे वाचायचं काम शेजारी बसलेल्याला द्या. आणि मेकॅनिकला बूस्ट सांगाल, तेव्हा आकड्यासोबत एकक सांगा, आणि तो निरपेक्ष आहे की हवेच्या वरचा, हेही सांगा.