गोफाची दोरी आणि तिची कात्री

श्रोतेहो, मासे धरण्याच्या विद्येवर भाषण ऐकावयास मिळेल अशी आपली अपेक्षा असेल, तर आरंभींच क्षमा मागतों. मासा कसा धरावा हें घोड आणि भीमा या नद्यांच्या कांठचे भोई मजपेक्षां शतपटीनें चांगलें सांगतील. मला आज बोलावयाचें आहे तें गळाची दोरी कापण्याविषयीं. विषय क्षुल्लक खरा. परंतु शिरूर येथें नदीकांठीं घडलेल्या एका प्रसंगापासून तो मला क्षुल्लक वाटेनासा झाला आहे.

एके दिवशीं सकाळीं मी घोडनदीवर फिरावयास गेलों असतां एक पाणकावळा बाभळीच्या वाळक्या फांदीशीं तडफडत असलेला दिसला. कोणीतरी टाकून दिलेली गळाची दोरी त्याच्या पायाला व पंखाला गुंडाळली होती आणि तिचें दुसरें टोंक फांदींत अडकलें होतें. माझ्या पिशवींत घरची कात्री होती. मीं ती मोठ्या उत्साहानें चालविली. परंतु दोरी कापली न जातां दोन पात्यांमध्यें दुमडून बसे आणि पुन्हां सुटून येई. ताणल्यास कापेल या समजुतीनें मीं ती ओढली, तों जवळच होडी बांधीत असलेला एक म्हातारा भोई ओरडला, "गुरुजी, ताणूं नका! पाखराचा पाय तुटंल." त्यानें पक्ष्याच्या डोक्यावर पंचा टाकून त्याला शांत केलें, करदोट्याला बांधलेली बोटभर कात्री काढली, आणि दोनतीन ठिकाणीं कापून पक्षी मोकळा केला. मीं विचारलें, "बाबा, या कात्रींत असें काय आहे?" तो म्हणाला, "कात्री साधीच हाय, गुरुजी. पर ती फकस्त दोरीसाठीं ठेवल्याली हाय."

या उत्तरांत सारें शास्त्र आहे. तें समजण्यासाठीं प्रथम दोरीची ओळख करून घेऊं. पूर्वीं गळाला सुताची वा तागाची दोरी असे. १९३८ सालीं अमेरिकेंत नायलॉन जाहीर झालें आणि पुढें त्याचा कांचेसारखा एकेरी तंतु आला. आपल्याकडे त्यास तंगूस म्हणतात. आतां बाजारांत मिळते ती गोफाची दोरी याहून निराळी आहे. चार किंवा आठ पेड गोफासारखे एकमेकांत विणून ती तयार होते, आणि प्रत्येक पेडांत केसाहून बारीक असे अनेक तंतु असतात. हे तंतु पॉलिथिनचे, म्हणजे दुधाच्या पिशवीच्याच कुळांतले; परंतु यांतील रेणूंच्या सांखळ्या फारच लांब असून त्या ओढून एका दिशेनें बसविलेल्या असतात. म्हणून वजनाच्या मानानें हा तंतु पोलादाहून कितीतरी बळकट होतो. तो पाण्याहून हलका, तुळतुळीत, आणि ताणल्यानें जवळजवळ न वाढणारा आहे. बळकटपणा, बारीकपणा आणि निसरडेपणा हे तिन्ही गुण एकत्र आल्यामुळेंच सामान्य पातें त्याच्यापुढें हार खातें.

आपल्या स्वयंपाकघरांत कापण्याचे तीन प्रकार रोज पाहावयास मिळतात. विळी कापते ती धारेवरून पदार्थ सरकवून. अडकित्ता कापतो तो दाबून. आणि कात्री कापते ती दोन पातीं एकमेकांस घासून नेऊन. गोफाच्या दोरीस चाकू लावावयाचा तर विळीचा न्याय लागतो. दोरी ताणलेली असली तरच तो चालतो. पक्ष्याच्या पायाला वेढलेली दोरी ताणतां येत नाहीं, हें आपण पाहिलेंच. नखें कापण्याचें यंत्र अडकित्त्याच्या जातीचें. तंगुसाचा एकेरी तंतु तें सुरेख तोडतें. परंतु त्याच्या दोन धारांत केसाएवढी फट राहिली तरी गोफांतले कांहीं तंतु सुटतात आणि टोंकाची झिपरी होते. काडी ओढून जाळावी म्हटलें, तर हें द्रव्य सुमारें १५० अंश सेंटिग्रेडवरच वितळतें. गांठीजवळ आंच लागली तर गांठच कच्ची होते. राहतां राहिली कात्री.

ती निवडतांना चार गोष्टी पाहाव्या. पातीं आंखूड व ताठ असावींत, म्हणजे जोर लावल्यावर तीं एकमेकांपासून फांकत नाहींत. एका पात्यास बारीक करवती दांते असावेत, म्हणजे निसरडी दोरी पुढें पळत नाहीं. खिळा घट्ट, परंतु हालचाल मोकळी असावी. शेवटीं, कात्री मिटून उजेडापुढें धरावी. चांगल्या कात्रीचीं पातीं किंचित् बाकदार असल्यामुळें मध्यें अंधुक फट दिसते आणि टोंकें मात्र भिडलेलीं असतात. अशीं पातीं मिटतांना प्रत्येक क्षणीं एकाच बिंदूंत एकमेकांवर दाबलीं जातात आणि तेथेंच दोरी तुटते. दुकानांत ओल्या दोरीचा तुकडा न ताणतां पात्याच्या टोंकाशीं कापून पाहावा. एका झटक्यांत, झिपरी न ठेवतां कापला, तर कात्री घ्यावी.

घेतल्यावर तिचें पथ्य सांभाळावें. तिनें तार, गळ किंवा शिसें कधींही कापूं नये. एका तारेनें धारेस खाच पडते आणि पुढें दोरी नेमकी त्याच खांचेंत दुमडते. माझ्या घरच्या कात्रीनें कागद, पुठ्ठा, तार सर्व कांहीं कापलें होतें; तिचा दोष नव्हता, माझा होता. नदीवरून आल्यावर कात्री स्वच्छ पाण्यानें धुवून कोरडी पुसावी आणि खिळ्यापाशीं शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा. धार लावणाऱ्यास बजावावें कीं, पात्याची आंतली सपाट बाजू घासूं नये, बाहेरचा उतारच घासावा. आणि दांतेरी पात्यास हात न लावतां साध्या पात्यासच धार द्यावी.

दांतांनीं दोरी तोडण्याची संवय मुलांना लागूं देऊं नये. दांताचा टवका उडतो आणि दोरी तशीच राहते. गळ दगडांत अडकल्यास गोफाची दोरी हाताला गुंडाळून ओढणें तर फारच धोक्याचें. ती तळहात चिरते. लांकडाच्या दांडक्याला वेढे देऊन ओढावी.

आतां मुख्य गोष्ट. सुताची दोरी पाण्यांत कुजून जात असे. ही कुजत नाहीं. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झाल्यापासून दौंड-इंदापूरकडे भीमेचें पाणी पसरलें आहे. भिगवणच्या आसपास रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि शहरांतील कुटुंबें ते पाहावयास मुद्दाम जातात. त्याच पाण्यांत आपण टाकलेला वीतभर तुकडा वर्षानुवर्षें फास होऊन पडून राहतो. म्हणून कात्रीच्या सोबतीला झांकणाची एक लहान डबी ठेवावी. कापलेला प्रत्येक तुकडा तींत टाकावा आणि घरीं आल्यावर त्याचे बोटाच्या पेराएवढे बारीक तुकडे करून मगच कचऱ्यांत द्यावा.

त्या दिवशीं पाणकावळा उडून गेल्यावर म्हाताऱ्यानें फांदींतील उरलेली दोरी सोडविली, गुंडाळी करून कमरेला खोंचली, आणि मग होडी पाण्यांत लोटली. दोरी त्याची नव्हती. तेव्हांपासून माझ्याही खिशांत एक लहान कात्री असते आणि तिनें मी दुसरें कांहींही कापीत नाहीं. आपणही तसेंच करावें, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.