हुसेन यांची ‘जमीन’

दिल्लीला गेलेला माणूस लाल किल्ला, कुतुबमिनार पाहतो. इंडिया गेटजवळच्या जयपूर हाउसमधलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय मात्र राहून जातं. १९५४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात मकबूल फिदा हुसेन यांचं ‘जमीन’ हे १९५५चं चित्र आहे. त्यातली खेड्यातली माणसं, जनावरं आम्हा देवळाली प्रवरेकरांना कुणी समजावून सांगावी लागत नाहीत.

हुसेन पंढरपूरचे. चित्रांवरून खटले झाले, धमक्या आल्या. २००६मध्ये त्यांनी देश सोडला. २०१०मध्ये कतारचं नागरिकत्व घेतलं, २०११मध्ये लंडनला वारले. दफनही तिकडेच झालं.

मराठीत लिहिणारा मुसलमान मी. त्या चित्रापुढून पाय निघेना. चित्रकाराला इथली माती लाभली नाही, त्याची ‘जमीन’ मात्र देशानं जपली. दिल्लीला जाल तेव्हा ती जरूर पाहा.