कंपनी बुडाली, आता आपली माहिती कोणाची?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत दरवर्षी आरोग्यावर, पाककलेवर किंवा मुलांच्या संगोपनावर कोणीतरी बोलते. यंदा चिटणीसबाईंनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली. मी विषय सांगितला तेव्हा त्या जरा थबकल्या आणि म्हणाल्या, "अहो, हे आपल्या बायकांच्या डोक्यावरून तर जाणार नाही ना?" मी म्हटले, उरणच्या बायकांना हे इतर कोणाहीपेक्षा लवकर समजेल. का, ते आधी सांगते.

न्हावा-शेव्याच्या बंदरामागे जी कंटेनरची गोदामे आहेत, ज्यांना आपण सगळे 'सीएफएस' म्हणतो, त्यांतल्या एका कचेरीत मी एकोणीस वर्षे कागदपत्रांचे काम केले. आपल्यापैकी निम्म्या घरांतले कोणी ना कोणी तेथे कामाला आहे किंवा होते. तेव्हा बेवारस कंटेनर म्हणजे काय हे मी सांगावयास नको. माल बोटीतून उतरला आणि मालक आलाच नाही; कोणी दिवाळे काढले, कोणाला जकात परवडेना. सीमाशुल्क कायदा १९६२ सालचा. त्याचे ४८ वे कलम सांगते की माल उतरल्यापासून तीस दिवसांत कोणी सोडवून नेला नाही, तर मालकाला नोटीस देऊन व कस्टमची परवानगी घेऊन, ज्याच्या ताब्यात तो माल आहे त्याला तो विकता येतो. मग सील तोडतात, यादी करतात, किंमत ठरवतात, बोली लागते. जो जास्त देईल तो घेऊन जातो. आत कोणाच्या लेकीच्या लग्नासाठी मागवलेली भांडी होती की कोणाच्या कारखान्याचे सुटे भाग, हे बोली लावणारा विचारीत नाही.

आता असे समजा की कंटेनर लोखंडाचा नाही, फोनमधल्या एखाद्या कंपनीचा आहे; आणि आत भांडी नाहीत, तर तुमचे नाव, पत्ता, आधारचा आकडा, मुलाची इयत्ता, तुमच्या औषधांची यादी आणि तुम्ही रात्री किती वाजता काय मागवले याची नोंद आहे. मालक बुडाला. त्या कंटेनरचे काय होते? माझा विषय एवढाच.

आपल्याच मुंबईची गोष्ट घेऊ. 'व्हाइटहॅट ज्युनियर' नावाची कंपनी २०१८ साली मुंबईत निघाली. लहान मुलांना घरबसल्या संगणकाची भाषा शिकवावयाची, असा तिचा धंदा. त्या जाहिराती आपण सगळ्यांनी टाळेबंदीच्या दिवसांत पाहिल्या. सहा वर्षांच्या मुलाने ॲप बनविले नाही तर तो मागे पडला, अशी धास्ती आयांच्या मनात घालणाऱ्या. ऑगस्ट २०२० मध्ये बंगळूरच्या 'बायजूज'ने ती सुमारे ३० कोटी डॉलरला विकत घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरात बातमी आली की तिच्या यंत्रणेतल्या उणिवांमुळे २ लाख ८० हजारांहून अधिक मुलांची माहिती बाहेरच्या माणसाला पाहता येत होती. त्यांत नावे, वये, छायाचित्रे आणि आईबापांची नावेही होती. उणीव दाखवून दिल्यावर ती बुजविण्यात आली. पुढे १६ जुलै २०२४ रोजी खुद्द बायजूजवरच राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या बंगळूर शाखेत नादारीची प्रक्रिया सुरू झाली. क्रिकेट मंडळाचे सुमारे १५८ कोटी रुपये थकले होते, त्यांच्या अर्जावरून.

म्हणजे पाहा, माझगावच्या किंवा मुलुंडच्या एखाद्या आईने २०१९ साली मुलाचे नाव एका मुंबईच्या कंपनीला दिले. तिने बायजूजला दिले नव्हते, आणि न्यायाधिकरणाने नेमलेल्या गृहस्थांना तर नव्हतेच. पण कंपनी दुसऱ्या हाती जाते तेव्हा ग्राहकांची वहीही बरोबरच जाते. वाण्याने दुकान विकले की उधारीची वही नव्या मालकाच्या गल्ल्यात जाते, तसेच हे. फरक इतकाच की वाण्याच्या वहीत फक्त साखर-तेल असे.

नादारीच्या कायद्यात, म्हणजे २०१६ च्या संहितेत, कंपनी मोडीत निघाली की तिची सर्व मालमत्ता एकत्र करून विकावयाची आणि देणेकऱ्यांना ठरलेल्या क्रमाने द्यावयाची असे आहे. ३६ वे कलम म्हणते की हाताने धरता न येणारी मालमत्ताही त्यात येते. खुर्च्या-टेबले विकून अशा कंपनीचे काय येणार? तिच्यापाशी मोलाचे असते ते नाव, ॲप आणि आपण. पैसे देणे असलेल्यांचा क्रम ५३ व्या कलमात आहे: प्रक्रियेचा खर्च, कामगार, तारण ठेवून कर्ज देणारे, पुढे सरकार. ज्याने केवळ माहिती दिली आहे त्याला या रांगेत जागाच नाही. फी आगाऊ भरली असेल तर मात्र दावा करता येतो. त्यासाठी वर्तमानपत्रात जाहीर सूचना देतात, एका इंग्रजी पत्रात व एका प्रादेशिक भाषेच्या पत्रात, आणि तीही मुख्यतः कंपनीचे कार्यालय जेथे असेल तेथील. बंगळूरची कंपनी असेल तर ती कानडीत! आमच्या बोरीच्या सुनेने कानडी पेपर वाचून दावा दाखल करावा, अशी कायदा करणाऱ्यांची कल्पना असावी.

हे दुखणे आपल्याच देशाचे आहे असे समजू नका. अमेरिकेत २००० साली 'टॉयस्मार्ट' नावाचे खेळण्यांचे दुकान बुडाले. ते फोनच्याही आधीच्या, संगणकावरच्या जमान्यातले. "तुमची माहिती आम्ही कधीही कोणालाही देणार नाही" असे त्याने लिहून दिले होते. दिवाळे निघताच गिऱ्हाइकांची यादी, मुलांच्या नावा-वाढदिवसांसकट, विक्रीला काढली! तेथील व्यापार आयोग कोर्टात गेला. अखेर २००१ साली त्या दुकानात मोठा वाटा असलेल्या डिस्नेच्या एका कंपनीने ५० हजार डॉलर भरले आणि ती यादी नष्ट करण्यात आली. यादी विकत घेऊन जाळली, असाच त्याचा अर्थ.

पण पंचवीस वर्षांनी काय झाले ते ऐका. मार्च २०२५ मध्ये 'ट्वेंटीथ्री अँड मी' ही कंपनी दिवाळखोरीत गेली. नळीत थुंकी भरून पाठवावयाची आणि कंपनीने तुमचे कूळ कोठले, कोणता रोग रक्तात आहे ते सांगावयाचे. सुमारे दीड कोटी लोकांची थुंकी व तीतून काढलेली माहिती तिच्यापाशी होती. कंपनी बाजारात उभी राहिली. एका औषध कंपनीने आधी बोली लावली, मग कंपनीची संस्थापिका ॲन वोजिकी हिच्याच नव्या संस्थेने ३० कोटी ५० लाख डॉलरला सर्व घेतले. मध्यंतरी सत्तावीस राज्यांनी कोर्टात धाव घेतली की ही काही टेबलखुर्ची नव्हे, ज्याची त्याची परवानगी विचारा. आणि यातली गोम अशी की एका बहिणीने थुंकी पाठविली की न विचारता दुसरीचेही अर्धे गुपित गेले.

इतका गाजावाजा मोठ्यांच्या बुडण्याचा होतो. लहान कंपनी बुडते ती गुपचूप बुडते, आणि आपल्याला खरा धोका तेथे आहे. माझी भावजय करंज्याला असते. ती व तिच्या शेजारच्या आठ जणी पाटी घेऊन बाजारात बसणाऱ्या. दोन तरुण मुले आली. बोलायला गोड, शिकलेली. म्हणाली, "मावशी, तुमची पापलेट-करंदी आम्ही उलव्याला, खारघरला सोसायटीत घरपोच देऊ. तुम्ही फक्त ॲपवर नाव नोंदवा." आधार, पॅन, पासबुकाचे पहिले पान, आणि चेहऱ्याचा फोटो, सगळे त्यांनी आपल्याच फोनवर काढून नेले. सातेक महिने धंदा बरा चालला. मग एके दिवशी ॲपवर "सेवा तात्पुरती बंद" अशी पाटी आली, ती गेलीच नाही. वाशीला कचेरी होती तेथे माझा भाचा जाऊन आला, तर दारावर कोणा दुसऱ्याचे नाव. थोडे पैसे बुडाले, त्याचे त्या बायकांना फारसे वाटले नाही; समुद्राचा धंदा करणारी बाई बुडीत पैशाला सरावलेली असते. पण पुढे कर्ज देणाऱ्यांचे फोन येऊ लागले आणि ते नाव घेऊन, "करंज्याच्या ना तुम्ही?" असे विचारू लागले. ते फोन त्याच कागदांवरून आले असे शपथेवर सांगता येणार नाही. पण भावजय मला जे म्हणाली ते ऐका: "पैसे बुडाले ते दिसतात गो ताई, कागद कुठे गेले ते दिसत नाय."

तिने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवले. अशा कंपनीचे दप्तर तिच्या स्वतःच्या कपाटात नसते. अ‍ॅमेझॉन, गुगल यांच्या भाड्याच्या यंत्रांवर असते. भाडे थकले की खाते बंद होते. अ‍ॅमेझॉनच्या खात्याचे पाहिले तर ते बंद झाल्यावर नव्वद दिवसांनी आतले सामान पुसले जाते. ती प्रत जाते, ठीक. परंतु तीच नावे एखाद्या नोकराच्या लॅपटॉपवर, माल पोचविणाऱ्या पोऱ्याच्या फोनवर, जाहिरात करून देणाऱ्या तिसऱ्याच कंपनीत राहिलेली असतात. आमच्या गोदामातला कंटेनर लिलावात एकालाच जाई. हा माल दहा जणांकडे एकाच वेळी राहू शकतो, आणि कमी झालेला कोणाला दिसत नाही.

कधी उलटेही होते. माहिती जपावी अशी असते आणि तीच जाते. बंगळूरचे 'कू' जुलै २०२४ मध्ये बंद झाले. तेथे मराठीतही लिहिता येत असे. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये मिटले तेव्हा गुगलने फोटो व मजकूर उतरवून घेण्यास आणखी दोन वर्षे दिली. धनवान घर आहे, निरोप देताना पानसुपारी देते. ज्याच्या घरी उद्याचे भाडे नाही तो पानसुपारी कोठून देणार?

आपल्या रायगडाला बँक बुडण्याचा अनुभव नवा नाही. पेण अर्बनवर २०१० साली निर्बंध आले, आणि पनवेलच्या कर्नाळा बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. त्या रांगांत आपल्यातल्या काही जणी उभ्या होत्या. तो त्रास मी लहान लेखीत नाही. पण निदान ठेवीला विमा होता. २०२० पासून त्याची मर्यादा पाच लाख झाली. आधारच्या प्रतीला विमा नाही. पैसे परत करता येतात. एकदा कळलेली जन्मतारीख परत कशी करणार?

मग सरकारने काही केले की नाही? केले. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली: आपल्या देशाच्या या कायद्याच्या इंग्रजी मजकुरात माणसासाठी सर्वत्र 'ती' म्हटले आहे. पुरुषांनी 'ती'मध्ये स्वतःला समजून घ्यावयाचे! असो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू व्हावयाची असे त्यांत ठरले. त्यानुसार माहिती ज्या कामासाठी घेतली ते काम संपले की ती पुसली पाहिजे; आपण सांगितले तरी पुसली पाहिजे; अठरा वर्षांखालील मुलाची माहिती आईबापांच्या खात्रीच्या संमतीवाचून घेता येणार नाही; आणि हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत.

हे चांगले झाले. पण एकोणीस वर्षे कागद वाचण्यात घालविल्यामुळे मला बारीक अक्षर आधी दिसते. १७ व्या कलमात दोन पळवाटा आहेत, निदान मला त्या तशा वाटतात. एक, कोर्टाने किंवा न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या विलीनीकरणासाठी माहिती लागत असेल, तर संमती घेण्याचे व पुसून टाकण्याचे बंधन तेवढ्यापुरते नाही. सुरक्षित ठेवण्याचे मात्र राहते. दुसरी, सरकारला वाटल्यास काही कंपन्यांना काही कलमांतून सूट देता येते, आणि तेथे 'स्टार्टअप' हा शब्द मुद्दाम घातला आहे. ज्या कलमांतून सूट देता येते त्यांत काम संपल्यावर माहिती पुसण्याचे कलमही आहे! म्हणजे जी कंपनी बुडण्याचा संभव सर्वांत जास्त, तिलाच हे ओझे उतरवून देण्याची सोय. नव्या धंद्यांना हात द्यावा हे मला मान्य आहे, माझा मुलगाही अशाच एका कंपनीत काम करतो. पण हात द्यावयाचा तो आमच्या कागदांवर उभे राहून का?

दंडाचेही तसेच. २५० कोटी कोणाकडून घेणार? ती मुले वाशीची कचेरी सोडून गेली, त्यांच्याकडून?

म्हणून जे करावयाचे ते कंपनी उभी असतानाच. फोनवरून ॲप काढून टाकले म्हणजे खाते बंद झाले, असा समज आपल्यात सार्वत्रिक आहे. तसे होत नाही. ॲप म्हणजे दुकानात जाण्याचा रस्ता. रस्ता बुजविला तरी दुकानातली वही तेथेच असते. आधी आत जाऊन 'खाते हटवा' करावे, मग ॲप काढावे. बँकेतून दर महिन्याला आपोआप पैसे कापण्याची परवानगी दिली असेल तर तीही मोडावी. आधार मागितले तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत आधारच्या संस्थळावर फुकट मिळते, ती द्यावी. ती चालत नाही असे कोणी म्हणाले, तर का चालत नाही ते लिहून मागावे. आणि कागदावर 'अमुक कामासाठी, अमुक तारखेस' असे आडवे लिहून त्याखाली सही करावी. आमच्या कचेरीत हीच पद्धत होती, आणि तेवढ्या एका ओळीने मी दोनदा खोटे कागद पकडलेले पाहिले आहेत.

करंज्याच्या नऊ जणींनी मिळून एक अर्ज केला आहे, नावे, तारखा व कोणते कागद कोणी नेले यांची यादी जोडून. त्याचा मसुदा मी करून दिला आणि त्याची एक प्रत चिटणीसबाईंकडे ठेवली आहे. कोणाला तसाच लिहावयाचा असेल तर नेऊन उतरून घ्यावा. पुढल्या गुरुवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या खोलीत मी बसणार आहे. आपापले फोन घेऊन या, आणि चष्मे विसरू नका. 'खाते हटवा' हे शब्द प्रत्येक ॲपमध्ये अगदी तळाशी आणि अगदी बारीक अक्षरांत असतात.