मोहरीएवढी फुली

आज हप्ता, व्याज, कर्ज यातलं काही बोलायचं नाही असं ठरवून आलोय. आज खेळाबद्दल बोलू. कर्ज मध्ये येणारच आहे, पण ते कुठून आलं ते ऐका.

रात्री भांडी झाली, पोरं झोपली, की दहा मिनिटं मोबाईल घ्यायचा. रंगीत ठोकळे ओळीत बसवायचे, नाहीतर सारखे आकडे जोडत दोनाचे चार, चाराचे आठ करत २०४८ पर्यंत जायचं. आमच्या गटात बऱ्याच जणी खेळतात, कबूल तेवढं कुणी करत नव्हत्या. डोकं शांत होतं हो! लहानपणी सागरगोटे खेळलो तेव्हा कुणाला हिशेब दिला होता का?

कटकट आहे ती जाहिरातींची. डाव रंगात आला की पडदाभर जाहिरात. फुली लगेच दिसत नाही, थोड्या वेळाने कोपऱ्यात मोहरीएवढी उमटते. बोट जरा हललं की दुसरंच दुकान उघडतं. कधी तर ती फुलीसुद्धा नुसतं चित्र असते. खेळ फुकट असतो, कारण खेळ बनवणाऱ्याला जाहिरातवाला पैसे देतो. आपलं बोट चुकलं तर त्यात त्यांचा फायदाच.

आमच्यातल्या एका ताईंचं असंच झालं. 'पाच मिनिटांत कर्ज' अशी जाहिरात होती. फुली दाबायला गेल्या आणि ॲपचं पान उघडलं. खताला पैसे हवेच होते, म्हणून ॲप घेतलं. त्याने फोनमधले नंबर आणि फोटो बघायची परवानगी मागितली, ताईंनी दिली. तीन हजार मागितले, हातात अठराशे आले, आणि आठ दिवसांत पुरे तीन हजार द्या म्हणून तगादा. मग जावेला फोन, माहेरी भावाला फोन.

ताईंनी दहा दिवस कुणाला सांगितलं नाही. गटाच्या पेटीत पैसे होते, मागितले असते तर त्याच आठवड्यात दिले असते. पण "गेम खेळत बसली होतीस ना?" हे ऐकायची लाज वाटली. आम्हाला त्या ॲपपेक्षा याचं जास्त वाईट वाटलं. कारण तसं बोलणाऱ्यांत आम्हीही होतो.

कळल्यावर आम्ही आलेल्या मेसेजचे फोटो काढून ठेवले आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरवर तक्रार केली. मैत्रिणींनो, रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे, कर्जाच्या ॲपने आपल्या फोनमधल्या नंबरांची यादी आणि फोटो बघायचेच नाहीत. मागितले की समजा, माणूस सरळ नाही.

आणि खेळ? तो आम्ही सोडला नाही. खेळायच्या आधी मोबाईलचं नेट बंद करतो. जाहिरात नेटवरून येते, त्यामुळे बऱ्याच खेळांत ती येतच नाही, नेटपॅकही वाचतो आणि घरचा फोन आला तर वाजतोच. नेटशिवाय चालत नाहीत ते खेळ काढून टाकले. फुली सापडली नाही तर शोधत बसायचं नाही, सरळ खेळातून बाहेर पडायचं.

परवाच्या बैठकीत हप्ते गोळा होईपर्यंत त्याच ताई सगळ्यांसमोर डाव मांडून बसल्या होत्या. ५१२ झाले होते, तेवढ्यात सचिवबाईंनी पासबुक मागितलं. "थांबा हो जरा," म्हणाल्या. थांबलो.