सागराचे देणे, शिवाराचे संरक्षण

फिलिपीन्सच्या किनाऱ्यावर दोरांना बांधून वाढविलेल्या समुद्रशैवालापासून कॅराजीनन नावाची जी बहुशर्करा काढतात, तिची दीर्घ रेणुशृंखला कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांनी खंडित केली, म्हणजे तिचे सूक्ष्म अंश भातपिकाचे पोषक आणि पहारेकरी अशी दोन्ही कामे करतात, हे तेथील अणुसंशोधन संस्थेने दाखवून दिले आहे. या अंशांचे विरल द्रावण पानांवर फवारले असता मुळे बळावतात, फुटवे वाढतात आणि तुडतुड्यांनी पसरविलेल्या तुंग्रो रोगाशी पीक अधिक नेटाने झुंजते.

कोळंबीच्या टाकाऊ कवचापासून सिद्ध होणाऱ्या कायटोसानचे मर्मही असेच आहे. कवचातील ज्या कायटिनपासून ते बनते, ते कायटिन बुरशीच्या पेशीभित्तीतही असल्यामुळे त्याचे सजातीय तुकडे वनस्पतीला जणू शत्रूच्या आगमनाची वर्दी देतात, आणि प्रत्यक्ष हल्ल्यापूर्वीच ती आपली संरक्षक विकरे सज्ज ठेवते.

गॅमा किरण रेणूंचे बंध तोडतात, परंतु पदार्थाला किरणोत्सारी करीत नाहीत. म्हणून शेतकरी बांधवांनी याविषयी निःशंक असावे. समुद्राने दिलेले हे धन विषारी औषधांचा भार हलका करील, तर जमीन आणि जीवित या दोहोंचे त्यात कल्याण आहे.