खोक्यावरचे लेबल आणि बाटलीवरचे लेबल



चिटणीसांनी मला विषय दिला तो असा : युरोपचे अन्नविषयक नियम आणि आपला उत्पादक. पत्रक छापून आले तेव्हा एका स्नेह्याने विचारले, "अहो, हा विषय बागाईतदाराचा, निर्यातदाराचा. युनियनच्या माणसाचे त्यात काय काम?" मी त्यांना एवढेच विचारले की, घड वेलीवरून खोक्यात जातो तो कोणाच्या हाताने? ते हात ज्यांचे, त्यांच्यात मी तीस वर्षे वावरलो आहे. शिवाय माझी शाळा लवकर सुटली. मी वाचायला शिकलो तो मस्टर, पगारपत्रक आणि कायद्याची कलमे वाचून. त्यामुळे कागद दिसला की त्यावर काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही, हे पाहण्याची खोड मला लागली. आज त्याच खोडीने आपण एक खोके वाचू.

आपल्या जिल्ह्यात श्रीगोंदे, संगमनेर, राहाता ह्या भागांत द्राक्षाच्या बागा आहेत. त्यांतली काही द्राक्षे न्हावा-शेव्याच्या बंदरातून रॉटरडॅमला जातात. त्या खोक्यावर चार गोष्टी असाव्याच लागतात : द्राक्षाची जात, प्रत, देशाचे नाव आणि माल भरणाऱ्याची ओळख. शिवाय एक क्रमांक असतो. हा क्रमांक साधा नाही. तिकडच्या दुकानात एखाद्या खोक्याविषयी शंका निघाली, तर त्यावरून मागे मागे येत पॅकहाऊस सापडते, प्रयोगशाळेचा अहवाल सापडतो आणि शेवटी श्रीगोंद्याच्या एखाद्या शिवारातला गट सापडतो. युरोपने २००२ साली अन्नाचा मूळ कायदा केला. अन्न कोणाकडून आले आणि कोणाकडे गेले हे प्रत्येकाला सांगता आले पाहिजे, हे त्याचे एक मुख्य सूत्र.

ही साखळी आपण सुखासुखी बांधलेली नाही, ठेचा खाऊन बांधली. २००३ साली आपली काही द्राक्षे हॉलंडमध्ये अडकली, कारण त्यांत कीटकनाशकाचा अंश मर्यादेबाहेर निघाला. त्यानंतर निर्यातीच्या बागांची नोंदणी, काढणीपूर्वी नमुना, प्रयोगशाळेची तपासणी हे सुरू झाले. २००६ साली अपेडा ह्या केंद्र सरकारच्या संस्थेने ग्रेपनेट नावाची व्यवस्था उभी केली. आज युरोपला जाणाऱ्या द्राक्षाची बाग कृषी खात्याकडे नोंदवावी लागते. नमुना शेतकऱ्याने नेऊन द्यायचा नसतो, प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन तो घेतो. अहवाल चांगला आला तरच माल मान्यताप्राप्त पॅकहाऊसमध्ये जातो, त्याला अॅगमार्कचा दाखला मिळतो, वनस्पती-आरोग्याचा दाखला मिळतो आणि मगच थंड कंटेनरचे दार बंद होते.

आता मर्यादा म्हणजे किती, ते ऐका. २००८ च्या सप्टेंबरपासून साऱ्या युरोपीय संघाला एकच मर्यादा लागू झाल्या. ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. हा आकडा कागदावर कळत नाही. मी तो मजुरांच्या सभेत असा सांगतो : दहा-दहा टनांच्या दहा मालमोटारी द्राक्षांनी भरा. त्या सगळ्या मिळून एक ग्रॅम औषध. चिमूटभर मिठाएवढे. त्याहून जास्त निघाले की माल नापास.

२०१० साली ह्या आकड्याने आपल्याला मोठा धडा दिला. बागाईतदार ज्याला सी.सी.सी. म्हणतात ते क्लोरमेक्वाट हे काही कीड मारणारे औषध नव्हे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरावी आणि काडीत घड धरावा म्हणून ते मारत. घड खोक्यात जातो तो पुढच्या वर्षी, फेब्रुवारी-मार्चमध्ये. इतक्या महिन्यांनी त्याचा अंश कुठला राहतो, असा सर्वांचा समज. आपल्या प्रयोगशाळांच्या यादीत त्याचे नावही नव्हते. युरोपच्या प्रयोगशाळांनी ते शोधले, आणि त्यांची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. आपल्याकडे पास झालेला माल तिथे बंदरात नापास झाला. ज्याने कर्ज काढून बाग उभी केली तो बुडाला, आणि जिथे मालक बुडतो तिथे मजुराची बाकी आधी बुडते, हे मी आपल्याला वेगळे सांगायला नको. पुढे ते औषध यादीत आले. नियम समजण्यासाठी आपण एका हंगामाची किंमत दिली.

हे केवळ द्राक्षाचे नाही. आपल्या बचत गटांच्या भगिनी लोणची, मसाले, लाडू करतात आणि परदेशी पाठवण्याची स्वप्ने पाहतात. स्वप्ने पाहावीतच. पण युरोपात बंद पाकिटावरचे अक्षर किती मोठे असावे हेसुद्धा ठरलेले आहे : छोट्या अक्षराची उंची निदान १.२ मिलिमीटर, आणि भाषा त्या देशातल्या गिऱ्हाइकाला कळणारी. काहींना बाधणारे असे चौदा पदार्थ त्यांनी ठरवले आहेत. ते जिन्नसांच्या यादीत उठून दिसतील असे छापावे लागतात. त्यांत तीळ आहे, शेंगदाणा आहे, मोहरी आहे, दूध आहे, गहू आहे. म्हणजे आपला संक्रांतीचा लाडू आणि कैरीचे लोणचे दोन्ही आले. आणि आपल्या डबीतल्या बांधानी हिंगात गव्हाचे पीठ असते, हे किती जणांच्या ध्यानात असते? लोणच्याच्या पाकिटावर हिंग लिहिले आणि गहू लिहिला नाही, तर माल परत येतो. २०२० साली आपल्या तिळात इथिलीन ऑक्साइड निघाले. जंतू मारण्यासाठी त्याची धुरी देत, पण अन्नाला ती देण्यास युरोपात बंदी. एका देशाने इशारा दिला आणि तो एकाच वेळी सर्व देशांत पोहोचला. तेव्हापासून तिळाच्या प्रत्येक गोणीकडे संशयाने पाहिले जाऊ लागले.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. पुष्कळ लोक म्हणतात, हे सारे गोऱ्यांचे ढोंग आहे. आपला माल स्वस्त, म्हणून तो अडवण्याची ही युक्ती. ह्यात तथ्य मुळीच नाही असे मी म्हणणार नाही. तिकडे वापरायला बंदी असलेली कित्येक कीटकनाशके तिकडचेच कारखाने तयार करून बाहेरच्या देशांना विकत आले आहेत. विष विकायचे आणि त्या विषाचा अंश सापडला म्हणून फळ परत करायचे, हा न्याय कसला? फ्रान्सने २०२२ पासून अशा निर्यातीला बंदी घातली, हे त्या मानाने बरे.

परंतु मला ह्या वादात एक जुनी गोष्ट आठवते. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात मुंबईत कापडाच्या गिरण्या निघाल्या. बायका-मुले उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत. तेव्हा हिंदुस्थानात कारखान्याचा कायदा करा म्हणून ओरड कोणी केली? मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी. त्यांना आपल्या मजुराचा कळवळा नव्हता, मुंबईचे कापड महाग व्हावे एवढाच हेतू. म्हणून आपल्याकडच्या अनेक देशी पुढाऱ्यांनी कायद्याला विरोध केला. त्यांचा संशय खरा होता. पण नारायण मेघाजी लोखंडे नावाचा माणूस, महात्मा फुल्यांचा सहकारी, त्याने काय केले? सांगणाऱ्याचा हेतू काय, हे त्याने विचारले नाही. माझ्या मजुराला काय मिळते, हे विचारले. १८८४ साली त्याने सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढे ठेवला. १८९० च्या जूनमध्ये गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. आज आपण ज्या रविवारी घरी बसतो, त्या रविवारात लोखंड्यांचा घाम आहे.

युरोपच्या नियमांकडे मी ह्याच नजरेने पाहतो. आता माझ्या पाहण्यातल्या दोन हकिगती सांगतो.

पहिली एका पॅकहाऊसची. नाव घेत नाही. तिथे शंभरावर बायका घड निवडीत, डबीत भरीत. स्वच्छतागृह नव्हते. प्यायला एक टाकी. आम्ही निवेदने दिली, धरणे धरले. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाणी, स्वच्छतागृह, हात धुण्याची सोय हे सारे होते. तो कायदा आता २०२० च्या नव्या संहितेत गेला, तरी ह्या सोयी तीतही आहेत. पण मालक म्हणत, "हंगामी काम आहे बाबा, तीन महिन्यांसाठी कशाला?" मग एके वर्षी तिकडच्या दुकानदारांच्या ग्लोबल गॅप नावाच्या दाखल्यासाठी तपासनीस येणार असे कळले. हा सरकारी नियम नव्हे. युरोपातल्या मोठ्या दुकानांनी १९९७ मध्ये सुरू केलेली ही आपापसांतली अट. पण दुकानदाराची अट कायद्यापेक्षा कडक निघाली. तीन आठवड्यांत स्वच्छतागृह उभे राहिले, नळ आले, साबण आला, भिंतीवर हात कसे धुवावेत ह्याचे चित्रही लागले. आम्हाला सहा वर्षांत जे मिळाले नाही ते एका पाहुण्याच्या भीतीने मिळाले. मला आनंद झाला आणि शरमही वाटली. हंगाम संपला, खोकी गेली, आणि त्या दाराला कुलूप लागले. पावसाळ्यात तिथेच कांदा निवडण्याचे काम निघाले, तेव्हा बायका पुन्हा बाभळीआड जाऊ लागल्या. कांदा युरोपला जायचा नव्हता.

दुसरी हकिगत अकोल्याच्या डोंगरातून आलेल्या एका आदिवासी मजुराची. तो बागेत औषध मारण्याच्या कामाला होता. बागेचा नमुना नापास झाला. मुकादम म्हणाला, "ह्यानेच औषध जास्त मारले," आणि त्याची दोन आठवड्यांची मजुरी अडकवली. तो आमच्याकडे आला. मी म्हटले, फवारणीची वही दाखवा. ही वही ठेवावी लागते. कोणते औषध, किती, कोणत्या तारखेला, कोणी मारले, हे तीत असते. वही आली. सगळी पाने एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिलेली. आणि ज्या तारखेला त्याने ते औषध मारले असे लिहिले होते, त्या तारखेला तो गावी भावाच्या लग्नात होता. पन्नास साक्षीदार. मजुरी मिळाली. तिकडच्या गिऱ्हाइकासाठी लिहिलेल्या वहीने इथल्या मजुराला वाचवले. पण वही खोटी होती म्हणून वाचवले, हे विसरू नका. ती खरी असती, तिच्यात रोज त्याची सही असती, तर भांडण झालेच नसते.

मी त्याला विचारले, "दादा, बाटलीवर काय लिहिले होते?" तो म्हणाला, "लाल तिकोन होता." आपल्या कीटकनाशकांच्या नियमांत रंग ठरलेले आहेत : लाल म्हणजे अतिशय विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल म्हणजे काय हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आतले माहितीपत्रक घडीवर घडी घातलेले, अक्षर मुंगीच्या पायाएवढे. १९६८ चा कायदा आणि १९७१ चे नियम ह्यांनी अंगरखा, हातमोजे, तोंडावरचे आवरण सांगून ठेवले. त्याच्याकडे होता एक गमछा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध मारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शंभर टनांत एक ग्रॅम औषध खाणाऱ्याला नको, म्हणून जगभर यंत्रणा उभी आहे. पाठीवर पंप घेऊन ते औषध दिवसभर हुंगणाऱ्यासाठी कोणते यंत्र आहे?

म्हणून माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो. खोक्यावरचे लेबल आपण शिकलो, आता बाटलीवरचे लेबल शिकलो पाहिजे. आणि नियम युरोपसाठी पाळायचे नसून आपल्यासाठी पाळायचे आहेत.

तुम्ही नगरकर म्हणाल, आमचा ह्यात काय संबंध? सांगतो. तिकडच्या मर्यादेत न बसलेले घड कोणी जाळीत नाही. ते देशातल्या बाजारात उतरतात. आपल्या मर्यादा वेगळ्या असतात, त्यामुळे तो माल आपल्या कायद्याने बरोबरही असेल. पण ते आपल्याला सांगतो कोण? रॉटरडॅमच्या बाईला खोक्यावरच्या क्रमांकावरून बाग सापडते. आपण हातगाडीवरून घेतलेल्या घडाची बाग कोणती? २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आपल्याकडे आहे. उणीव कायद्याची नाही, तो मागणाऱ्याची आहे. युरोपचे गिऱ्हाईक मागते, म्हणून त्याला मिळते.

तेव्हा तीन गोष्टी मागू या. पहिली, फवारणीच्या वहीत मारणाऱ्याची रोजची सही किंवा अंगठा असावा, आणि औषध हाती देण्यापूर्वी बाटलीवरचे लेबल त्याला मोठ्याने वाचून दाखवावे. ह्याला एक पैसा लागत नाही. दुसरी, निर्यातीच्या हंगामात जे स्वच्छतागृह उघडते ते बारा महिने उघडे राहावे. तिसरी, आपल्या बाजार समितीत उतरणाऱ्या फळांचेही नमुने नियमाने घेतले जावेत आणि निकाल फलकावर लागावा. राहुरीचे कृषी विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे. विद्या दूर नाही. महाराष्ट्रातली सहकाराची पहिली साखर ज्या जिल्ह्याने प्रवरेच्या काठी काढून दाखवली, त्याला एक फलक लावणे जड जाऊ नये.

बागाईतदार मित्रांना मी शत्रू समजत नाही. २०१० साली त्यांच्या डोळ्यांतले पाणी मी पाहिले आहे. त्यांना एवढेच सांगतो की, तुमच्या मालाची शुद्धता तुमच्या मजुराच्या हातात आहे. ज्या हाताला साबण नाही आणि ज्या डोळ्याला लेबल वाचता येत नाही, त्याच्या भरवशावर रॉटरडॅमचा बाजार फार दिवस टिकत नाही.

उद्या सकाळी बाजारात द्राक्षे घ्याल तेव्हा दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, "ही कोणत्या बागेची?" त्याला सांगता येणार नाही. परवा पुन्हा विचारा. विचारणारे शंभर झाले की तो पुढच्याला विचारू लागेल.