ध्रुवरात्रीतील सण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला याच इमारतीत भूगोल शिकविला. वर्गातील पृथ्वीगोलाचा तळ लाकडी बैठकीत झाकला गेला होता. "तिथे काही नाही, पुढे चला," असे ते हसून म्हणत. त्या 'काही नाही'त मी 2001 सालचा हिवाळा हवामान-निरीक्षक म्हणून काढला. मी विज्ञानावर बोलावे अशी संयोजकांची अपेक्षा असावी. पण मी सणावर बोलणार आहे.

आपले 'मैत्री' केंद्र 70 अंश 46 मिनिटे दक्षिण अक्षांशावर, शिरमाकर ओअॅसिस या खडकाळ पट्ट्यात आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात मावळलेला सूर्य तेथे सुमारे दोन महिन्यांनी उगवतो. उन्हाळा सरताना आमचे जहाज परतले, आणि मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत येणे नाही, जाणे नाही.

21 जूनच्या सुमारास ही रात्र अर्धी सरते. तो दिवस अंटार्क्टिकावरील सर्व केंद्रांचा सामाईक सण. पंचांग कोणाचे कोणतेही असो. केंद्रे एकमेकांना शुभेच्छा पाठवितात. 1911 साली केप इव्हान्स येथे कॅप्टन स्कॉटच्या तुकडीने 22 जूनला तो नाताळासारखा साजरा केला. बॉवर्सने काठ्या आणि पिसे जोडून नाताळचे झाड उभे केले होते. जिथे एकही झाड उगवत नाही तिथे माणसाला झाड करावेसे वाटले, याचे मला अजून नवल वाटते.

आमच्याकडे त्या दिवशी पुरणपोळी करण्याचे मी कबूल केले होते. चार-पाच किलोमीटरांवरील नोवोलाझारेव्स्काया या रशियन केंद्रातील शेजाऱ्यांना आमंत्रणही गेले होते. आणि 14 जूनला उपग्रह-दूरध्वनीवर धाकट्या भावाने सांगितले, आई गेली. अग्नी त्यानेच दिला होता. मी प्रियदर्शिनी सरोवराच्या बादलीभर पाण्याने स्नान केले आणि दर तीन तासांच्या नोंदी घेत राहिलो. दुसरे करण्यासारखे काही नव्हते.

सुतक दहा दिवसांचे. सण सातव्या दिवशी. सण रद्द करू, असे दलप्रमुख म्हणाले. मी नको म्हटले. पण सुतकात पुरणाला हात कसा लावणार? आमचे आचारी उत्तरेकडचे, पुरण त्यांनी कधी पाहिलेले नव्हते. शेवटी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिलो आणि तेथून सांगत गेलो. डाळ बोटाने दाबून पाहा, कट काढून ठेवा, पुरण सैल आहे, आणखी आटवा. पहिल्या चार पोळ्या फुटल्या. आईच्या शब्दांत मी त्यांना रागावलो, हे माझ्या नंतर ध्यानात आले.

पंगतीत मी आमटी-भात घेतला. पाहुण्यांतील एका वयस्कर गृहस्थांनी कारण विचारले. ते कळल्यावर काही न बोलता त्यांनी माझ्या शेजारची खुर्ची रिकामी करविली, तिच्यापुढे भरलेला पेला ठेवला आणि त्यावर काळ्या पावाचा तुकडा झाकला. मृतासाठी त्यांच्याकडे तशी रीत आहे. इतक्यात माझ्या नोंदीची वेळ झाली. बाहेर वारा पडला होता. परत आलो तेव्हा तो पेला तसाच होता; कोणी हलविला नव्हता.

दिवाळीचे लक्ष्मीपूजन त्या वर्षी 14 नोव्हेंबरला आले. तोवर उलट प्रकार झाला होता. मध्यरात्री सूर्य दक्षिणेकडील हिमउतारामागे जेमतेम शिरतो, अंधार म्हणून पडतच नाही. पणत्याही मोजक्याच, कारण ध्रुवीय केंद्रात खरे भय थंडीपेक्षा आगीचे. 1982 साली व्होस्टोक या सोव्हिएत केंद्राचे वीजगृह हिवाळ्याच्या तोंडाशी जळाले. एकाचा बळी गेला आणि उरलेल्यांना महिनोन्‌महिने तसेच काढावे लागले. आमच्या दोन पणत्या टेबलावर वाळूच्या ताटात ठेवल्या होत्या, शेजारी अग्निशामक नळकांडे.

आई गेलेल्या घरी पहिल्या दिवाळीला फराळ करीत नाहीत, तो शेजारून येतो, असे मी केव्हातरी बोलता बोलता सांगितले असेन. त्या सकाळी खोलीच्या दारावर थाप पडली. बाहेर शेजारच्या खोलीतला सहकारी स्टीलच्या ताटलीत चिवडा आणि दोन ओबडधोबड करंज्या घेऊन उभा होता. तो तमिळनाडूचा. ताटलीवर त्याने कागदी रुमाल झाकला होता.

"शेजारून आलो," तो म्हणाला.